बळदातल्या रेघा

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात कुलकर्ण्यांच्या वाड्याबद्दल गोष्टींना तोटा नाही. वाड्यातून भूषणगडापर्यंत भुयार आहे. आडात सुनेनं जीव दिला, म्हणून अवसेला बांगड्या वाजतात. बळदातल्या मोहरांवर नाग बसून आहे. कुठल्याही पडक्या वाड्यात जा, भुयार, नाग आणि सून हे तिघं भेटायचेच. त्यामुळे कॅमेरा घेऊन आत शिरलो तेव्हा या तिघांचं मला फारसं कुतूहल नव्हतं. मला माजघर बघायचं होतं.

आमचं घराणं त्या वाड्याचं कूळ. आजी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं दळणकांडणाला जायची, पण सोप्याच्या पुढं तिचं पाऊल पडलं नाही. माजघर कसं आहे विचारलं की म्हणायची, "थंडगार वारं यायचं तिकडनं, एवढंच ठावं." दिंडी दरवाजा आता नाही, त्याच्या दगडी उंबऱ्यावर शेळ्या बसतात. अडसराचं भिंतीतलं भोक मात्र शाबूत आहे. हात घातला तर कोपरापर्यंत गेला, आणि आत अजून जागा होती.

वाडा माळवदी. खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर पाला आणि सगळ्यात वर खाऱ्या मातीचा जाड थर. असं छप्पर दुष्काळी मुलखाला शोभतं, पण त्याला माणूस लागतं. दर मिरगाच्या आधी नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दोन-चार वर्षं कुणी वर चढलं नाही की पाणी मुरतं, किलचण कुजतं, आणि एका पावसात अख्खा खण खाली येतो. या वाड्याचे उत्तरेकडचे खण असेच गेलेत.

वाडा का पडला, या प्रश्नाला गावात एकच उत्तर मिळतं: "कूळकायद्यानं." यात तथ्य आहेच. आधी १९५०च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली. कूळकायदा १९४८चा, पण १९५६च्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं मालक मानलं गेलं. किंमत आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस ते दोनशे पटींत, फेड जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत. आजोबांनी हप्ते फेडून मिळवलेलं '३२ म'चं प्रमाणपत्र आमच्या देव्हाऱ्यामागं असायचं. दसऱ्याला त्यालाही कुंकू लागायचं. मी आज ज्या पगारावर लेन्स विकत घेतो, तो मिळवून देणाऱ्या शिक्षणाचा खर्च त्या जमिनीनं केला. त्यामुळे कूळकायद्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण चौकात उभं राहून वर बघितलं की वेगळंच दिसतं. सोप्याच्या तुळया चौकाच्या बाजूनं काळ्या आहेत. धुरानं काळ्या झालेल्या नव्हेत, जळलेल्या. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली खवलं. जाड सागाचं असंच असतं, वरून कोळसा झाला तरी आतला गाभा भार पेलत राहतो. कायद्यानं तुळया जळत नाहीत.

३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, हे कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरंदारं पेटली. त्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली. आमच्या गावात "अठ्ठेचाळीस साली" एवढं म्हणून माणसं तंबाखू मळायला घेतात. आजीकडून मला कळलं ते इतकंच, की बळदातली ज्वारी कित्येक दिवस धुमसत होती आणि तिचा करपट वास पार ओढ्यापर्यंत यायचा. घरातली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, ती परत राहायला आली नाहीत. म्हणजे माळवदावर माती टाकणारे हात कृषक दिनाच्या बरेच आधी गेले होते. कायद्याला दोष दिला की गावातल्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, ही त्यातली सोय.

उरलेलं गावानं आणि बाजारानं नेलं. घडीव चिरे कुणाच्या गोठ्याला, खांब कुणाच्या पडवीला. कोरीव दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ट्रकात घालून नेला. असली दारं पुढं जोगेश्वरीच्या बाजारात नाहीतर एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभी दिसतात. आमच्या परड्याच्या दाराची चौकटही वाड्यातलीच. ती कशी आली, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही.

माजघरात दुपारीही अंधार. कॅमेरा तिवईवर लावला, शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं आणि मोबाइलचा उजेड भिंतीला घासून तिरपा फिरवला. डोळ्यांना न दिसलेलं फोटोत उठून आलं. बळदाच्या तोंडाशी चुन्याच्या गिलाव्यात खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. एकोणीस आखूड, विसावी लांब. पुन्हा एकोणीस, पुन्हा लांब. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. कुळांनी डोक्यावरून आणलेला खंड इथं मोजला जात होता. त्यांतल्या काही रेघा आमच्या असणार.

आजी आता नाही. आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, गावातच दिलेली. जाळपोळीच्या साली ती दहा-बारा वर्षांची असेल. तिला मोबाइलवर फोटो दाखवले. रेघा बघून ती हसली. "रेगांवरनं काय कळतंय तुला? घेताना पायलीवर शीग चढवायची, देताना काठाला हात फिरवून सपाट. रेग दोन्हीला येकच."

मग जळकी तुळई आली. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"त्या राती आमी समदी कणगीमागं बसलो व्हतो," ती म्हणाली. "आयनं दिवा लावू दिला न्हाय."

"आणि पणजोबा?"

"बा रानात गेला व्हता. राखणीला, म्हनं."

मी गप्प राहिलो. तिनंच पुढं सांगितलं, "रानात त्या साली हरबरा व्हता आपला. त्यो कवाच खळ्यात येऊन पडला व्हता."