प्याद्याचा मोहरा नेमका कधी होतो?



फ्रीमाँटमधल्या ज्या घरांत शाळकरी मुलं आहेत, त्यांपैकी काहींच्या जेवणाच्या टेबलावर रंगवलेल्या चिमुकल्या सैनिकांची लढाई तुम्ही पाहिली असेल. आधी हालचालीचा टप्पा, मग नेमबाजीचा, मग हातघाईचा. आणि भांडण ठरलेलं: "टप्प्याच्या सुरुवातीला" म्हणजे कधी? दोघांचेही नियम एकाच क्षणी लागू झाले तर आधी कोणाचा? वॉरहॅमर ४०,००० या खेळात उत्तर छापलेलं आहे. ज्याची पाळी, त्याने क्रम ठरवायचा.

आजी-आजोबांना हे नवीन खूळ वाटेल, पण त्याची मुळं आपल्या ओळखीची आहेत. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या हेल्विगने बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धाचा खेळ बनवला. पुढे १८२४ मध्ये राइसविट्झचा खेळ प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. तिथे वाद सोडवायला पंच असे. आपल्या ओसरीवरच्या बुद्धिबळात पंच कुठला? बघे मात्र भरपूर, आणि सल्ला फुकट.

त्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं. शेवटच्या घरात पोचलं की त्याचा हवा तो मोहरा करता येत नसे. ज्या उभ्या पट्टीत पोचलं, त्या पट्टीचाच मोहरा व्हायचा: हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. तोही बऱ्याच ठिकाणी आधीचा मोहरा मेलेला असेल तरच. नसेल तर प्यादं सातव्या घरात खोळंबून बसे, स्वतःच्याच घोड्याच्या मरणाची वाट बघत! मला हा नियम खेळापेक्षा नोकरीतल्या बढतीचा वाटतो.

राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी घोड्यासारखी एकच उडी, तीही शह बसण्याआधी. आता मध्ये उंट घालून शह अडवला आणि राजा जागचा हललाच नाही, तर उडी गेली की शिल्लक राहिली? मुलांच्या टेबलावरचा वाद हाच आहे, फक्त सैनिक वेगळे.

दोन पद्धती जुळत नाहीत हे फार लवकर लक्षात आलं होतं. १८१४ मध्ये, म्हणजे पेशवाई संपायच्या चार वर्षं आधी, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन मुंबईत निघालं. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचं त्याच्या नावातच म्हटलेलं होतं.

युरोपातही सगळं पक्कं नव्हतं बरं का. १८६२ च्या ब्रिटिश नियमावलीत शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं प्यादंच ठेवायची मुभा होती. आज प्याद्याचा मोहरा त्याच खेळीत होतो आणि त्याचा शहही लगेच लागू होतो. प्यादं दोन घरं चाललं तर शेजारच्या प्याद्याने त्याला ओलांडताना मारायचं ते लगेच पुढच्या खेळीत, नाहीतर हक्क गेला.

देशी नियमांवर वाढलेल्या पंजाबच्या सुलतान खान यांनी नवे नियम उशिरा शिकून १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. भारतात १९५१ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्या दोन संयुक्त विजेत्यांपैकी एक रामचंद्र सप्रे. तिथून नागपूरच्या दिव्या देशमुखच्या २०२५ च्या महिला विश्वचषकापर्यंत सगळा खेळ आंतरराष्ट्रीय नियमांचा.

ओसरीवरचे नियम मात्र बहुतेक तोंडीच राहिले. आजोबा सहा महिन्यांसाठी इथे येतात, नातवाबरोबर पट मांडतात, आणि चौथ्या मिनिटाला नातू ओरडतो, "आबा, चीटिंग!" आबा चीटिंग करत नसतात. ते त्यांच्या गावचा खेळ खेळत असतात.

तेव्हा पुढच्या वेळी पहिली खेळी करण्याआधीच विचारा: आबा, तुमच्याकडे प्यादं कुठे थांबायचं? राजाची उडी कधी जायची? प्याद्याने मात केली, म्हणजे प्यादेमात झाली, तर तिचा मान जास्त होता का? आबा सांगतील ते वहीत लिहून घ्या, आणि गावाचं नावही लिहा.