पैजवाचन (ऑनलाइन पोकर)

प्रतिस्पर्ध्याने कधी, किती आणि किती वेळात पैज लावली, यावरून त्याच्या पत्त्यांचा अंदाज बांधण्याचे तंत्र. ऑनलाइन खेळात चेहरा दिसत नाही. त्यामुळे पैज हाच मुख्य पुरावा. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ खेळणारा पत्ते पाहून ‘चाल’ देऊ लागला की त्याचा हात ताडणे, हे याचेच प्राथमिक रूप.

जाणकार खेळाडू एकच हात गृहीत न धरता संभाव्य हातांचा संच मनात धरतो व फेरीगणिक तो लहान करतो. त्यावरून जिंकण्याची शक्यता आजमावून पैज स्वीकारायची की नाही, हे तो ठरवतो. उदा., १०० रुपये जमलेल्या डावात प्रतिस्पर्ध्याने ५० लावले, तर आपले ५० धरून डाव २०० चा होतो. जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असेल, तरच पैज स्वीकारणे फायद्याचे. थोड्या डावांवरून काढलेले निष्कर्ष मात्र फसवू शकतात. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणकप्रणालीने प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी न अभ्यासताही सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवले.

महाराष्ट्रातील १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो; केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. संभाव्यता शिकण्याचे साधन म्हणून या तंत्राचे मोल पैशांविनाही टिकून आहे.