दप्तर नष्ट करण्याचा अधिकार

सरकारी कचेरीत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला अभिलेख कक्ष दाखवला जातो, तेव्हा त्याचे लक्ष कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांकडे जाते. मला मात्र तिथली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते ती नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही. कोणता कागद, किती वर्षांनी, कोणाच्या आदेशाने नष्ट झाला हे तिच्यात लिहिलेले असते. 1891 साली कोलकात्यात इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय अभिलेखागार. पुढे 1993च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने असे बंधन घातले की, 1892 पूर्वीचा अभिलेख वापरण्यापलीकडे जीर्ण झाला असल्याखेरीज नष्ट करता येणार नाही. कागद कधीच नष्ट करू नये, असे प्रशासन म्हणत नाही. तो विनाआदेश आणि विनानोंद नष्ट होऊ नये, एवढेच ते म्हणते.

आज गावोगाव सर्वेक्षण करणाऱ्याच्या हातात वहीऐवजी फोन असतो. डोंगराळ भागात नेटवर्क नसते. अशा वेळी भरलेली माहिती मुख्यालयात पोहोचेपर्यंत राहते कुठे? आणि तिथून तिला बेदखल करण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नाचा इतिहास जेमतेम वीस वर्षांचा आहे, पण बोधप्रद आहे.

मुळात ब्राउझर हे वाचनाचे साधन. एकदा पाहिलेले पान पुन्हा लवकर दिसावे म्हणून तो त्याची नक्कल जवळ ठेवतो. हा झाला कॅशे. जागा कमी पडली की जुन्या नकला टाकून द्यायच्या. मूळ प्रत सर्व्हरवर सुरक्षित असल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

मे 2007 मध्ये गूगलने 'गिअर्स' आणले आणि ब्राउझरला संगणकावरच एक छोटा माहितीकोश मिळाला. त्यानंतर एचटीएमएल-5 बरोबर 'ॲप्लिकेशन कॅशे' आला. तो इतका हट्टी होता, की संकेतस्थळ बदलले तरी वापरणाऱ्याला जुनेच पान दिसत राही. अखेर तो मोडीत निघाला. 'वेब एसक्यूएल'चे प्रमाणीकरण 2010 साली थांबले. 2015 साली 'इंडेक्स्ड डीबी'ला प्रमाणित दर्जा मिळाला, त्याच वर्षी क्रोममध्ये 'सर्व्हिस वर्कर' आले आणि वेब ॲप नेटवर्कविना चालू लागले. त्याच नोव्हेंबरात फ्लिपकार्टने 'फ्लिपकार्ट लाइट' आणले, तेव्हा महागडा डेटा आणि अपुरी साठवण असलेल्या भारतीय ग्राहकांसाठी ती मोठीच सोय ठरली.

आता ब्राउझरमध्ये केवळ नकला राहिल्या नाहीत. अजून कुठेही न पोहोचलेली मूळ माहितीही राहू लागली. नियम मात्र नकलांचाच राहिला. डिस्क भरू लागली, की ज्या संकेतस्थळाकडे फार दिवस कोणी फिरकले नाही त्याचे सारे दप्तर ब्राउझर एकदम काढून टाकतो. मार्च 2020 मध्ये ॲपलच्या सफारीने पुढचे पाऊल टाकले. ब्राउझर वापरात असूनही सात दिवस एखाद्या संकेतस्थळाशी वापरकर्त्याचा संबंध आला नाही, तर त्याने साठवलेली माहिती पुसली जाऊ लागली. उद्देश पाळतखोर जाहिरातदारांना आळा घालण्याचा, म्हणजे योग्यच होता. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला सूटही होती. पण चोरासाठी केलेल्या नियमात सज्जनही सापडतो, हे आपल्याला नवे नाही.

फोनमध्ये स्थापित केलेल्या ॲपची गोष्ट वेगळी. अँड्रॉइडने आणि आयफोननेही अशा ॲपला दोन वेगळी दालने दिली: एक तात्पुरत्या नकलांसाठी, दुसरे जपून ठेवायच्या फायलींसाठी. जागा कमी पडली तर यंत्रणा पहिले दालन रिकामे करू शकते. दुसऱ्यातले दप्तर, वापरकर्त्याने ॲप काढेपर्यंत किंवा माहिती स्वतः पुसेपर्यंत, सहसा टिकते. आपल्या अभिलेख कक्षात कागदांची वर्गवारी असते, तीच ही. वेबला तिची जाणीव उशिरा झाली. साठवण कायम ठेवण्याची विनंती संकेतस्थळाला करता येऊ लागली, पण मंजुरी देणे ब्राउझरच्या हाती. फायरफॉक्स वापरकर्त्याला विचारतो; क्रोम विचारत नाही, स्वतःच ठरवतो.

याचा अर्थ वेब ॲप त्याज्य, असा नाही. ते कोणत्याही फोनवर चालते आणि त्याची दुरुस्ती एका दिवसात सर्वांपर्यंत पोहोचते. या गोष्टी गरीब वापरकर्त्याच्या हिताच्याच आहेत. दुकानाची वस्तुसूची पुसली गेली तर ती पुन्हा मागवता येते. पण दुर्गम पाड्यावरील विधवेच्या पेन्शनसाठी भरलेली नोंद पुसली गेली, तर दुसरी प्रत कुठेच नसते. तिचे नाव यादीत येत नाही, आणि अर्ज आलाच नाही, असे कचेरी प्रामाणिकपणे सांगते.

म्हणून अशी प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. न पाठवलेली नोंद कोणत्या दालनात राहते? किती नोंदी पाठवायच्या राहिल्या आहेत, हे सर्वेक्षकाला पडद्यावर ठळक दिसते का? आणि नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची पोच नागरिकाला मिळते का?

नक्कल यंत्राने टाकून द्यावी. मूळ कागद नष्ट करायचा, तर त्याखाली माणसाची सही हवी. ब्राउझरकडे नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही नाही. ती जबाबदारी आपली आहे.