लहान अ‍ॅल्युमिनियम होडी : सपाट तळाची घ्यावी की ‘व्ही’ तळाची?

मानवतच्या कुटुंबाने होडी घेतली, तर ती बहुधा तीन ठिकाणी चालेल : गोदावरीवरील ढालेगाव बंधाऱ्याचे पाणी, सेलू तालुक्यातील निम्न दुधना प्रकल्प किंवा जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण. प्रत्येक वेळी ती टेम्पोवर चढवून न्यावी लागेल. अ‍ॅल्युमिनियमचा पहिला फायदा इथेच आहे. त्याच आकारमानाच्या लोखंडाच्या तुलनेत त्याचे वजन साधारण एक तृतीयांश असते.

समजा, दोन होड्या समोर आहेत. एक १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट तळाची. दुसरी १४ फूट लांब, ५ फूट रुंद, इंग्रजी ‘व्ही’सारख्या तळाची.

सपाट होडी उथळ पाण्यात, अगदी काठापर्यंत जाते. उभी असताना डुलत नाही, म्हणून पाहताक्षणी तीच सुरक्षित वाटते. हा भास शांत पाण्यापुरताच खरा. लाटा उठल्या की तिचा तळ आपटू लागतो आणि पुढच्या बुटक्या काठावरून पाणी आत येते. ‘व्ही’ तळाची होडी थांबलेली असताना थोडी हलते, तिला पाणीही जरा खोल लागते. पण ती लाट कापत जाते.

मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवणारे काही नसते. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. होडी कोणतीही असो, आभाळ भरून आले की काठ सोडू नये.

किती माणसे बसवायची? लहान होड्यांसाठी अमेरिकेत एक सोपा हिशेब वापरतात : फुटांतील लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. पहिल्या होडीचे उत्तर ३.२, म्हणजे तीन माणसे, दुसरीचे सुमारे ४.७, म्हणजे चार. हा आकडा चांगल्या हवामानासाठीचा आहे. घरात आई-वडील आणि दोन मुले असतील, तर पहिली होडी इथेच बाद होते, ती कितीही स्वस्त असली तरी. बंधाऱ्याच्या शांत पाण्यात दोघांनीच मासे धरायचे असतील, तर मात्र तीच घ्यावी, उचलायलाही सोपी.

पाण्याने भरलेली धातूची होडी बुडते. त्यामुळे बाकांखाली फोम भरलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवे, मुलांना त्यांच्या मापाचे. धरणात होडी उतरवण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा. आणखी एक : पूजेत ठेवलेले तांब्याचे नाणे ओल्या तळात राहू देऊ नका, तिथे अ‍ॅल्युमिनियम झिजते.

जुनी रिवेटची होडी घेत असाल, तर ती जमिनीवर टेकूंवर ठेवून आत थोडे पाणी ओता. जिथून थेंब गळतील, तिथले रिवेट सैल झालेले आहेत.