पेनीभर उजेड

लंडन शहरांत गॅसचे दिवे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. १८१२ सालीं तेथील पहिल्या गॅस कंपनीस राजाची सनद मिळाली आणि १८१३ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टरचा पूल गॅसच्या ज्योतींनीं उजळला. पुढें रस्ते, दुकानें, नाटकगृहें आणि श्रीमंतांचे दिवाणखाने असा हा उजेड पसरत गेला. मजुराच्या खोलीपर्यंत पोहोंचावयास मात्र त्याला जवळजवळ ऐंशी वर्षें लागलीं. गॅसचा नळ मजुराच्या दारावरूनच गेलेला होता. अडचण नळाची नव्हती, हिशेबाची होती.

गॅस कंपनीचें बिल तीन महिन्यांनीं येत असे. मजुराचा संसार आठवड्याच्या मापानें चाले. आठवडा संपला कीं हातांत पगार पडे, त्यांतून घरभाडें जाई, आणि उरलेल्या पैशांत कोळसा, चहा, मेणबत्ती, घासलेट हीं लागतील तेवढींच विकत आणावीं लागत. अशा घरांत तिमाही बिलासाठीं पैसे बाजूस ठेवणें फारच कठीण होतें. कंपनीलाहि उधारी बुडण्याची धास्ती असे. म्हणून ती अनामत रक्कम मागे. शिवाय घरांतील नळ, दिवे, चूल यांचा खर्च वेगळाच. आज या गल्लींत तर उद्यां दुसऱ्या, अशा भाडेकरूनें तो करावा तरी कशाला?

या पेचांतून वाट काढली ती एका साध्या यंत्रानें. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या ब्राउनहिल यांनीं नाणें टाकून चालणारा गॅस मीटर तयार केला. खांचेंत पेनी टाकावयाची आणि मूठ फिरवावयाची, कीं आंतील झडप उघडे आणि चाकें ठराविक घनफुटांइतकीं पुढें सरकत. जसजसा गॅस जळे तसतशीं तीं चाकें माघारीं येत, आणि विकत घेतलेलें माप संपत आलें कीं झडप आपोआप मिटत जाई. ज्योत मंदावली कीं घरांतील माणसें समजत, आतां दुसरी पेनी हवी. अनामत नको, बिल नको, तगादा नको. उधारी बुडण्याची भीतिच उरली नाहीं; कारण माल देण्यापूर्वींच दाम पेटींत पडलेला असे.

दक्षिण लंडनमधील साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीनें १८९२ पासून मजूरवस्तींत असे मीटर बसविण्यास सुरुवात केली. नळ, दोन-तीन दिवे आणि लहानशी चूल कंपनीच देई. हें औदार्य निव्वळ परोपकाराचें नव्हतें. इंग्लंडांत स्वान आणि अमेरिकेंत एडिसन यांनीं १८८० च्या सुमारास विजेचे दिवे व्यवहारांत आणले होते. श्रीमंत ग्राहक हातचा जाईल ही भीति गॅसवाल्यांना वाटूं लागली होती. नवा ग्राहक मिळावयाचा तर तो गरिबांच्या वस्तींतच होता. शिवाय दिवा रात्रीं जळतो, चूल दिवसा. त्यामुळें एरवीं दिवसा सुस्त पडून राहणाऱ्या नळांनाहि काम मिळालें. थोड्याच वर्षांत लाखों घरें या रीतीनें गॅस वापरूं लागलीं. कोळशाची शेगडी न पेटवितां चहाचें आधण ठेवतां येऊं लागलें, हें घरच्या बाईला लहानसहान सुख नव्हतें.

ठराविक मुदतीनें कंपनीचा माणूस येऊन पेटी उघडी. टेबलावर पेन्यांचा ढीग पडे आणि त्यांच्या चळती लागत. २४० पेन्यांचा एक पौंड. आणि त्या २४० ब्राँझच्या पेन्यांचें वजन भरे पांच रत्तल, म्हणजे सुमारें सव्वादोन किलो! मीटर मुद्दामच जरा चढ्या दरानें लावलेला असे, आणि मोजणीनंतर जास्त पडलेल्या पैशांतील कांहीं भाग तेथल्या तेथें परत मिळे. नकळत सांठलेली ती लहानशी पुंजी घरच्या बाईला एखाद्या नडीला उपयोगी पडे. तरीहि यंत्र, चूल आणि वसुली यांचा खर्च दरांतच मिळविलेला असल्यामुळें, ज्याची कमाई थोडी त्यालाच तो गॅस महाग पडे.

याहून मोठा धोका दुसराच होता. कोळशापासून केलेल्या त्या गॅसमध्यें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असे. पेनी संपून ज्योत विझली आणि तोटी उघडीच राहिली, तर पुढें कोणी नवी पेनी टाकतांच न जळलेला गॅस निजलेल्या माणसांच्या खोलींत भरूं लागे.

आणि या यंत्राचें मर्म यांतच दिसतें. तिमाही ग्राहकाचा पुरवठा तोडावयाचा तर कंपनीला बाकी दाखवावी लागे, माणूस धाडावा लागे. पेनीच्या ग्राहकाचा पुरवठा कोणी तोडीतच नसे. खिशांत नाणें नसलें कीं तो आपोआप थांबे, आणि त्या रात्रीच्या अंधाराची नोंद कोणत्याहि वहींत होत नसे.

विजेनेंहि पुढें हीच वाट धरली आणि पेनीच्या जोडीला शिलिंग आला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं ब्रिटनमध्यें दशमान नाणीं सुरू झालीं. १९८० नंतर नाण्याच्या जागीं किल्ली आणि कार्ड आलें. याच काळांत यंत्राचा हेतु पालटला. पूर्वीं लोक मीटर आपण होऊन घेत. आतां तो थकबाकीदाराच्या घरीं लादला जाऊं लागला, आणि भरलेल्या रकमेंतून जुन्या देण्याचा हप्ताहि वळता होऊं लागला.

पाण्याच्या बाबतींत हा वाद न्यायालयांत गेला. पैसे संपतांच पाणी बंद करणारीं यंत्रें कांहीं कंपन्यांनीं बसविलीं होतीं. झडप आपोआप मिटली तरी तें कंपनीनें पाणी तोडणेंच होय, असा निर्णय १९९८ सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयानें दिला, आणि १९९९ च्या कायद्यानें थकबाकीसाठीं घरगुती पाणी तोडण्यासच बंदी केली. गॅस आणि वीज यांना असें संरक्षण मिळालें नाहीं. २०२२ सालीं इंधनाचे भाव भडकले. २०२३ च्या फेब्रुवारींत, न्यायालयाचें वॉरंट घेऊन दुबळ्या व आजारी माणसांच्या घरांतहि बळजबरीनें मीटर बसविल्याचें उघडकीस आलें, तेव्हां नियामक संस्थेनें ही कारवाई थांबवावयास लावली आणि पुढें नियम कडक केले. दरांतील जुना भेद १ जुलै २०२३ पासून सरकारी साह्यानें, व १ एप्रिल २०२४ पासून नियामकाच्या आदेशानें काढून टाकण्यांत आला. गरिबाला जास्त दर, हा भेद मिटावयास शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं!

भारतांत २०२१ च्या केंद्रीय योजनेनें २५ कोटी आगाऊ पैशांचे वीजमीटर बसविण्याचें ठरविलें. महाराष्ट्रांत त्यास जोराचा विरोध झाला, आणि २०२४ च्या जूनमध्यें राज्य सरकारनें सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसविणार नाहीं, असें जाहीर केलें. जेथें जेथें हा प्रश्न निघेल तेथें पेनीच्या मीटरचा इतिहास तीन गोष्टी विचारावयास शिकवितो. आगाऊ पैसे देणाऱ्याचा दर इतरांहून जास्त तर नाहीं ना? पैसे रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं संपले तर दिवा चालू राहील ना? आणि ज्या घरांत तो विझला, त्या घराची गणती कोणी करणार आहे काय? यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळविणेंच सर्वांत कठीण. कारण अंधारांत बसलेलें घर बाहेरून निजलेल्या घरासारखेंच दिसतें.