गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे

आज एका पत्राची गोष्ट.

१९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असं धरलं.

१९७९मध्ये दिल्ली-पुण्याच्या चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. भीतीने गप्प बसणं वेगळं, संमती वेगळी, हा त्यांचा मुद्दा. १९८०मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३मध्ये कायदा बदलला.

तोच मुद्दा आजही आहे. मार्क ज्यांच्या हातात, त्या सरांसमोर मुलगी गप्प बसते. पगार देणाऱ्या शेठसमोर बाई. म्हणून १९९७चा विशाखा निकाल आणि २०१३चा कायदा महत्त्वाचे. कॉलेजात आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या जागी तक्रार समिती हवीच. अंधेरीच्या छोट्या गाळ्यात किंवा मुलुंडला घरकाम करता? तुमच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. उपनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल, तर गटातल्या ताईला सोबत घ्या.