कृष्णाकाठची पलटण, जपानचा किनारा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडणारे पाणी, पश्चिमेचा सागर उण्यापुऱ्या चाळीस मैलांवर असताना, त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करीत पार पूर्वेच्या उपसागरापर्यंत जाते. या नदीकाठच्या माणसांचेही पुष्कळसे असेच झाले. ज्याने कधी हर्णै-दाभोळचे बंदर पाहिले नाही, असा कुणबी-मराठा एकदम बसऱ्याच्या धक्क्यावर उतरला. त्याच्या बायकोने ‘मेसापोट’ हा शब्द उच्चारायला शिकायच्या आधीच त्याचे पैसे मनीऑर्डरीने घरी येऊ लागले. सातारा जिल्ह्यातील अनेक गावांच्या चावडीवर अथवा देवळाच्या भिंतीत अजून दगडी पाट्या आहेत. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यापैकी इतकी परत आली नाहीत, असा हिशेब त्यांवर कोरलेला असतो. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ हे बिरूद कायमचे चिकटले.

या पाट्यांवर नसलेल्या एका प्रवासाविषयी मला लिहायचे आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, मराठा पलटण जपानात गेली होती. लढायला नव्हे, तर हरलेल्या देशावर पहारा करायला.

जपानने १९४५ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रे खाली ठेवली. देशाचा ताबा मुख्यतः अमेरिकनांनी घेतला. तथापि ब्रिटिश साम्राज्याचाही त्यात हात असावा, म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि हिंदुस्थान यांची एक संयुक्त फौज १९४६ च्या पूर्वार्धात कुरे बंदरात उतरली. पुढे तिची संख्या सुमारे ३७ हजारांवर गेली आणि त्यांत सुमारे ११ हजार हिंदी होते. हिंदी पायदळाच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या : पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या रॉयल गुरख्यांची दुसरी आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली. ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्या यांच्याकडे होते. हेच पुढे १९५७ साली स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले.

मराठ्यांची ही पहिली पलटण म्हणजे ‘जंगी पलटण’. तिची स्थापना १७६८ ची. पहिल्या महायुद्धात, १०३ क्रमांकाची मराठा पलटण म्हणून, ती कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. १९१६ च्या एप्रिलात उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेला तुर्कांपुढे शरण जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत होती. सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी तिच्यातल्याच नामदेव जाधव या शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. म्हणजे तीस वर्षांच्या आत या एकाच पलटणीने पराभूताची कैद भोगली, विजयाचा मान मिळविला आणि शेवटी जेत्याचा पहारेकरी म्हणून परक्याच्या दारात उभी राहिली. जय आणि पराजय यांची इतकी जवळून ओळख फार थोड्या माणसांना घडते.

हिंदी ब्रिगेडच्या वाट्याला शिमाने प्रांत आला होता. नकाशा उघडून पाहिला तर हा प्रांत जपानच्या पाठीवर आहे असे म्हणावे लागेल. टोकियो, ओसाका, हिरोशिमा ही सारी गजबजलेली नगरे दक्षिण-पूर्वेच्या बाजूस तोंड करून बसलेली, तर शिमाने डोंगरापलीकडे कोरियाकडे पाहत. तेथले हामादा हे बंदर पाहण्याचा योग मला आला. हिरोशिमाहून मोटारीने डोंगर ओलांडून सुमारे दोन तासांत माणूस तेथे पोहोचतो. घाट उतरू लागताच घरांची छपरे बदलतात. करडी कौले जाऊन तांबूस, चकाकणारी कौले दिसू लागतात. ही इवामी भागातली प्रसिद्ध कौले. भट्टीत फार कडक भाजलेली असल्यामुळे बर्फाला आणि खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत. कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास जाणाऱ्या कऱ्हाडकराला घाटाखाली जसा एकाएकी दुसऱ्या मुलखाचा वास येतो, तसेच मला झाले. वासही तोच होता : वाळत घातलेल्या मासळीचा.

गाव लहान. बंदर, मासळीबाजार, रेल्वेचे एक स्टेशन, आणि बंदराच्या डोक्यावर एक टेकडी. टेकडीवर किल्ला होता. आता दगडी तट तेवढे उरले आहेत. सतराव्या शतकात, १६२० च्या सुमारास, तो बांधला गेला आणि १८६६ साली जळाला. तो शत्रूने जाळला नाही. शोगुनच्या सत्तेविरुद्ध उठलेले चोशूचे सैन्य चालून आले, तेव्हा तेथला सरदार मात्सुदायरा गलबतात बसून मात्सुएकडे निघून गेला आणि त्याच्याच माणसांनी जाताना किल्ल्याला आग लावली. हा सरदार शेवटच्या शोगुनचा सख्खा नव्हे, पण सावत्र भाऊ. दीड वर्षाच्या आत शोगुनशाहीच संपली. साताऱ्याच्या माणसाला हे ऐकताना अजिंक्यतारा आठवल्याशिवाय राहत नाही. आमचे राज्य १८४८ साली खालसा झाले ते आगीने नव्हे, कागदाने. दत्तक नामंजूर करणारा एक खलिता आला आणि गादी संपली. रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये अर्ज घेऊन फिरले, ते १८५३ साली रिकाम्या हातांनी परतले. त्याच वर्षी कमोडोर पेरीची काळी जहाजे जपानच्या दारात येऊन उभी राहिली. पाश्चात्त्यांचा धक्का दोघांनाही बसला. पण आमचे घर आधीच गेले होते आणि त्यांचे अजून शाबूत होते. पुढच्या शंभर वर्षांचा सगळा फरक त्यात आहे.

हामादा हे आमच्या साताऱ्यासारखे फौजी गाव होते, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर विशेष जाणवली. जपानी सैन्याच्या एकविसाव्या पायदळ रेजिमेंटचे ठाणे येथे होते. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची पोरे तिच्यात भरती होत. ही रेजिमेंट पाचव्या डिव्हिजनबरोबर मलायात उतरली आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. ते लढविणाऱ्यांत हिंदी सैनिक हजारोंनी होते. ते कैद झाले आणि त्यांतील कित्येक पुढे आझाद हिंद सेनेत गेले. ज्या गावच्या पलटणीने हिंदी सैन्याला मागे रेटले, त्याच गावच्या प्रांतावर चार वर्षांनी हिंदी सैन्याचा पहारा बसला. या दोन्ही सैन्यांतील पोरे बहुधा सारखीच होती : चार एकरांच्या तुकड्यावर भागत नाही म्हणून बाहेर पडलेली, आणि कुणाच्या तरी साम्राज्यासाठी लढलेली.

मराठ्यांचे तेथले काम काय होते? राज्यकारभार त्यांच्याकडे नव्हता. तो अमेरिकनांच्या हाती. दारूगोळ्याचे साठे शोधून नष्ट करणे, रस्त्यांवरून गस्त घालणे, कोरियातून चोरून येणाऱ्या होड्यांवर किनाऱ्याने नजर ठेवणे, ही त्यांची कामे. टोकियोत बादशहाच्या वाड्यावर पाळीपाळीने जो पहारा असे, त्यात हिंदी पलटणींचीही पाळी येई. जपानी लोकांशी मिसळायचे नाही, त्यांच्या घरात पाऊल टाकायचे नाही, वागणे औपचारिक ठेवायचे, असा कडक हुकूम होता.

हुकूम आणि माणूस यांत नेहमी थोडे अंतर असते. माझ्या लहानपणी आमच्याकडे खानापूर भागातील एक पेन्शनर येत. जपानचा विषय निघाला की ते युद्धाविषयी चकार शब्द बोलत नसत. बोलत ते बर्फाविषयी, गवताच्या विणलेल्या चटयांविषयी आणि लाकडी खडावा घालून शाळेत जाणाऱ्या पोरांविषयी. ‘‘त्यांच्या पोरांना खायला नव्हतं बाबा,’’ एवढे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांकडे पाहूनही ते हेच म्हणाले होते, हे मला पक्के आठवते. इतिहासाच्या पुस्तकांत १९४६ सालच्या जपानमधील अन्नटंचाईचे आकडे आहेत. पण मला ती टंचाई कळली ती या म्हाताऱ्याच्या तोंडून.

याच किनाऱ्यावर, हामादापासून जवळच्या गोत्सू गावी, एक घटना घडून गेलेली आहे. रशिया-जपान युद्धात, त्सुशिमाच्या आरमारी लढाईनंतर, २८ मे १९०५ रोजी ‘इर्तिश’ नावाचे रशियन जहाज मोडक्या स्थितीत येथवर येऊन बुडू लागले. खलाशी होड्यांतून किनाऱ्याकडे निघाले. शत्रू चालून येत आहे असे वाटून गाव प्रथम घाबरले. पण लाटांत होड्या उलटू लागल्या तेव्हा बाया-माणसे पाण्यात शिरली आणि दोनशेहून अधिक रशियनांना त्यांनी ओढून बाहेर काढले, कोरडे कपडे दिले, खाऊ घातले. त्या गावांतील मुलगे त्याच वेळी रशियनांशी लढत होते. त्सुशिमाचा विजय आम्हा मराठी माणसांना चांगला माहीत आहे. आशियातील एका राष्ट्राने युरोपियनांना हरविले म्हणून त्या काळी पुण्या-साताऱ्यात केवढा उत्साह संचारला होता! जपानात काच करायला शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तळेगावचा पैसाफंडाचा कारखाना उभा राहिला, तेथील विद्या घेऊन ओगले बंधू बाहेर पडले आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ‘प्रभाकर’ कंदील घरोघर उजेड देऊ लागला. जपानचा तो उजेड आम्ही घेतला. गोत्सूच्या कोळणींची गोष्ट मात्र आमच्यापर्यंत आली नाही. मला विचाराल तर त्या आरमारी विजयापेक्षा ती मोठी आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. जंगी पलटण जपानात पहारा करीत होती, तेव्हा तिच्यातील जवानांच्या गावी काय चालले होते? १९४३ पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार नांदत होते. वाळवे, कुंडल, तासगाव या भागांत इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला होता. न्यायनिवाडे गावातच होत, तुफान सेना गस्त घाली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला पगाराची गाडी अडविली गेली, तर १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना लुटला गेला. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांनी बंड केले. एकाच घरातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा पलटणीत, असे प्रकार या जिल्ह्यात नवे नव्हते. धाकट्याने रात्री सरकारी पोलिसांना चुकवावे आणि थोरल्याने सकाळी परक्या देशात त्याच सरकारच्या झेंड्याला सलामी द्यावी!

पुष्कळांना हे विसंगत वाटते आणि म्हणूनच कदाचित आम्ही त्यातली एकच बाजू सांगतो. प्रतिसरकारचे पोवाडे झाले, स्मारके झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जपानचा पहारा मात्र कुणाच्याच हिशेबी धरला गेला नाही. इंग्रजांना तो मिरवावासा वाटला नाही, कारण १९४७ साली ही फौज परत गेली आणि साम्राज्यच आवरते झाले. आम्हाला तो मिरवावासा वाटला नाही, कारण तो पारतंत्र्याच्या गणवेशात झाला. पलटणी परतल्या तेव्हा पंजाब रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली, मराठे आणि पाचवे गुरखे भारतात राहिले. एका बराकीत राहून एकाच शत्रूवर पहारा केलेली माणसे परस्परांना परकी झाली. शत्रू मात्र मित्र झाला. जून १९५२ मध्ये भारताने जपानशी वेगळा तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडून दिला. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी दिलेला वेगळा निर्णय जपानी लोक आजही आठवणीत ठेवतात.

पाल यांचे नाव राहिले ते त्यांनी शेकडो पानांचे निकालपत्र लिहिले म्हणून. आमच्या शिपायांनी काही लिहिले नाही. साताऱ्याचा तालुक्यातालुक्यांतून विचार करावा तर ही माणसे आता जवळजवळ सारी गेली. परंतु त्यांच्या पत्र्याच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. त्यांत डिस्चार्जचे पुस्तक असेल, एखादा पिवळा पडलेला फोटो असेल, पाठीमागे ‘कुरे’ किंवा ‘ओकायामा’ असे मोडीत अथवा बाळबोधीत लिहिलेले असेल. वाळव्यापासून फलटणपर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे की, यंदाच्या दिवाळीत घर झाडताना ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नये. कॉलेजातील इतिहासाच्या प्राध्यापकांनी मुलांना बखरींबरोबर या ट्रंकाही उघडायला शिकवावे.

कारण प्रश्न केवळ एका पलटणीच्या स्मृतीचा नाही. हरलेल्या माणसाच्या दारात उभे राहिल्यावर आपण कसे वागलो, याचा जाब कधीतरी प्रत्येक लोकसमूहाला द्यावा लागतो. गोत्सूच्या खेडुतांनी आपला जाब १९०५ साली दिला. आमच्या खानापूरच्या त्या पेन्शनराने आपला एका वाक्यात दिला होता. बाकीच्यांची उत्तरे कृष्णाकाठच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि वाळवी वाट पाहत नसते.